युरोपात एका शहरातून दुसऱ्या शहरात कमी खर्चात कसे जावे : नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

शिक्षणासाठी पहिल्यांदाच युरोपात आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात पहिल्या सुट्टीचे बेत वर्ग सुरू होण्याआधीच शिजू लागतात. शहरे जवळजवळ आहेत, गाड्या भरपूर आहेत आणि मोबाइलवर दिसणारे काही दर तर इतके कमी असतात की लगेच तिकीट काढून टाकावेसे वाटते. पण तिकिटावर छापलेली रक्कम आणि प्रवासाचा खरा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या विद्यार्थ्याचे बहुतेक पैसे या दोहोंमधल्या फरकातच जातात. हा फरक तिकीट काढण्यापूर्वी कसा ओळखावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : तिकिटाआधी कागदपत्रे पाहा

सर्वांत महाग तिकीट तेच, ज्यावर प्रवासच करता येत नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात, आज २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया हे १ जानेवारी २०२५ पासून त्यात पूर्णपणे सामील झाले. शेंगेनमधील कोणत्याही एका देशाचा निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत एकूण ९० दिवसांपर्यंत राहता येते. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत आणि ब्रिटन तर दोन्हींच्या बाहेर आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थ्याने लंडन किंवा डब्लिनचे स्वस्त तिकीट दिसले तरी आधी तिथल्या स्वतंत्र व्हिसाचा विचार करावा. शिवाय पासपोर्टवरील व्हिसाच्या स्टिकरवर किती वेळा प्रवेश मिळेल, याचा एक रकाना असतो. तिथे फक्त ०१ असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकल्यावर त्याच व्हिसावर परत येता येत नाही.

आणखी एक नाजूक काळ म्हणजे ज्या व्हिसावर आलो त्याची मुदत संपत आली आहे आणि निवास परवान्याचे कार्ड अजून हाती पडलेले नाही, असे मधले आठवडे. अर्ज केल्याची पावती जवळ असली, तरी तिच्या आधारे देशाबाहेर जाऊन परत येता येईलच असे नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ई-मेल करून लेखी उत्तर मिळेपर्यंत या दिवसांत देशातल्या देशातच फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेंगेनच्या आत सीमेवर तपासणी होत नाही, हा समजही आता पूर्ण खरा राहिलेला नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत नंतर वाढवली. पोलीस बसमध्ये चढतात आणि प्रत्येकाची कागदपत्रे पाहतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ निवास परवाना दोन्ही जवळ हवेत, आणि तेही बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत नकोत, अंगावरच्या पिशवीत हवेत.

दुसरी पायरी : दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडा

कागदाचा एक तुकडा घ्यावा आणि आपल्या खोलीच्या दारापासून दुसऱ्या शहरातल्या मुक्कामाच्या दारापर्यंतचा प्रत्येक खर्च एकाखाली एक लिहावा. समजा, विमानाचे तिकीट २० युरोला मिळते आहे. विमानतळापर्यंतच्या बसचे १५ युरो, उतरल्यावर शहरात जाणाऱ्या बसचे १५ युरो आणि सीटखाली न मावणारी बॅग वर ठेवण्यासाठी २५ युरो धरले, तर बेरीज ७५ युरो होते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. हेच अंतर ५५ युरोत कापणारी रेल्वे शहराच्या मध्यावरून सुटत असेल आणि मध्यावरच पोहोचवत असेल, तर २० युरोचे विमान मुळीच स्वस्त नव्हते.

स्वस्त विमान कंपन्या अनेकदा दूरच्या विमानतळांवर उतरवतात, हे इथे ध्यानात ठेवावे. फ्रँकफुर्टच्या नावाने ओळखला जाणारा हान विमानतळ शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, तर पॅरिससाठी वापरला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. पहाटे साडेसहाचे विमान असेल तर तिथे वेळेवर नेणारी बस त्या वेळी आहे का, हे तिकीट काढण्याआधी पाहावे. नसेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम किंवा टॅक्सी हिशेबात धरावी लागते. युरोपीय संघाचे नागरिक नसलेल्या प्रवाशांची कागदपत्रे काही कंपन्या विमानतळावरील काउंटरवर आधी तपासतात. ऑनलाइन चेक-इन झाले म्हणून अगदी शेवटच्या क्षणी पोहोचू नये.

कागदावर खर्चाशेजारी तासांचाही रकाना करावा. दहा युरो वाचवण्यासाठी सहा तास जास्त लागत असतील, तर दोन दिवसांच्या सहलीतला अर्धा दिवस आपण दहा युरोला विकत आहोत.

तिसरी पायरी : अंतर पाहून साधन ठरवा

चार-पाच तासांपर्यंतच्या दिवसाच्या प्रवासासाठी आणि ऐनवेळी ठरलेल्या बेतासाठी बस सहसा सर्वांत कमी पैशांत नेते. जर्मनीने जानेवारी २०१३ मध्ये लांब पल्ल्याच्या बससेवा सर्व कंपन्यांना खुल्या केल्या, त्याच वर्षी फ्लिक्सबस ही बस कंपनी सुरू झाली आणि आज तिचे जाळे जवळजवळ सगळ्या युरोपात आहे. बसचे थांबे मात्र नीट पाहावे लागतात, कारण व्हिएन्नात एर्डबर्गसारख्या ठिकाणी उतरल्यावर मेट्रोने पुढे जावे लागते. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण बस पहाटे पाचला पोहोचते आणि होस्टेलमध्ये खोली दुपारी मिळते. मधल्या वेळात सामान ठेवायला जागा आहे का, हे होस्टेलला आधी विचारून घ्यावे.

लांबच्या पल्ल्याला रात्रीची रेल्वे हा मला सर्वांत पटणारा पर्याय आहे, विशेषतः ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट सेवा. तिच्यात बसायची आसने, झोपायचे साधे बर्थ आणि अधिक महाग शयनकक्ष असे प्रकार असतात. आसन स्वस्त असते, परंतु रात्रभर बसून काढल्यावर दुसरा दिवस वाया जातो. त्यापेक्षा साधा बर्थ घ्यावा. त्यात प्रवासही होतो आणि रात्रीची झोपही. एकट्या जाणाऱ्या विद्यार्थिनींना महिलांसाठी राखीव कक्ष मागता येतो, आरक्षण करतानाच तो निवडावा.

दिवसाच्या रेल्वेबाबत एक गोष्ट उपयोगी पडते. ज्या मार्गावर एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या वेगवान गाड्या धावतात, तिथे दर खाली येतात. मिलान ते रोम मार्गावर सरकारी त्रेनितालियाशी २०१२ पासून इतालो ही खासगी कंपनी स्पर्धा करते. माद्रिद ते बार्सिलोना मार्गावर सरकारी रेन्फेसोबत २०२१ पासून विगो आणि २०२२ पासून इर्यो या कंपन्यांच्या गाड्या धावतात. अशा मार्गांवर एकाच संकेतस्थळावर न थांबता सगळ्यांचे दर पाहावेत.

चौथी पायरी : हातातली सवलत आधी वापरा

नवीन पास विकत घेण्यापूर्वी विद्यापीठाने काय दिले आहे ते पाहावे. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर शुल्कातच प्रवासाचे तिकीट येते, आणि अनेक ठिकाणी आता त्याच शुल्कात देशभर चालणारे तिकीट मिळते. ज्यांना ते मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉइचलँड तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेल्या या मासिक तिकिटाचा दर जानेवारी २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३ युरो झाला. त्यावर देशभरातील प्रादेशिक गाड्या, शहरांतल्या बस, ट्राम आणि मेट्रो यांतून फिरता येते, अगदी सीमेपलीकडच्या साल्झबर्गच्या मुख्य स्थानकापर्यंतही. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांना मात्र ते चालत नाही. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. महिनाअखेर बंद करायचे असेल, तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते. ती तारीख चुकली की पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

फ्रान्समध्ये १२ ते २७ वर्षांच्या प्रवाशांसाठी ४९ युरोचे वार्षिक सवलत कार्ड मिळते आणि त्यावर वेगवान गाड्यांच्या भाड्यात ३० टक्के सूट मिळते. म्हणजे वर्षभरात साधारण १६५ युरोंचा प्रवास होणार असेल तर कार्डाचे पैसे वसूल होतात. कोणतेही सवलत कार्ड घेताना असा भागाकार करून पाहावा. लक्झेंबर्गमध्ये तर २९ फेब्रुवारी २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा सार्वजनिक प्रवास सगळ्यांनाच मोफत आहे, तेव्हा तिकडे जाताना भाडे फक्त सीमेपर्यंतचे भरावे लागते.

युरोपभर चालणाऱ्या रेल्वे पासबद्दल विद्यार्थ्यांमध्ये बराच गोंधळ असतो. युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, तर इंटररेल पास युरोपात राहणाऱ्यांसाठी. इथे नागरिकत्व नव्हे तर वास्तव्य पाहिले जाते, त्यामुळे निवास परवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्याने इंटररेल घ्यायचा असतो. २७ वर्षांपर्यंत युवा दर लागू होतो. मात्र आपण राहतो त्या देशात इंटररेल पासवर बाहेर जाण्याचा एक आणि परत येण्याचा एक एवढाच प्रवास करता येतो. शिवाय फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या एव्हीई, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांना अशी सक्ती नाही. महिनाभरात पाच-सहा देश ओळीने पाहायचे असतील, तरच पासचा विचार करावा; शनिवार-रविवारच्या ठरलेल्या सहलींना आधी काढलेली स्वतंत्र तिकिटे जवळजवळ नेहमी स्वस्त पडतात.

पाचवी पायरी : तिकीट वाचून मगच पैसे भरा

लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्वस्त तिकिटे मर्यादित असतात आणि ती आधी संपतात, म्हणून बेत ठरताच तिकीट काढावे. युरोपीय रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीची तिकिटे कधी कधी उशिरा विक्रीला येतात. ती खुली होण्याची वाट पाहण्यात गैर काही नाही. शक्यतो ज्या कंपनीची गाडी आहे तिच्याच संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून तिकीट घ्यावे. मध्यस्थाकडून घेतल्यास वेगळे शुल्क पडू शकते आणि गाडी रद्द झाल्यावर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न उरतो.

पैसे भरण्याआधी पडद्यावर पुढच्या गोष्टी सावकाश वाचाव्यात. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरते असते. ती चुकली तर दुसऱ्या गाडीत बसता येत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसेच असावे. स्थानकाचे नाव पूर्ण वाचावे, कारण माइन नदीकाठचे फ्रँकफुर्ट आणि पोलंडच्या सीमेवरचे ओडर नदीकाठचे फ्रँकफुर्ट ही दोन वेगळी शहरे आहेत. व्हेनिसचे मेस्त्रे स्थानक मुख्य भूमीवर आहे आणि सांता लुचिया स्थानक पाण्यातल्या जुन्या शहरात. वाटेत गाडी बदलायची असेल तर सगळे टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत. दोन वेगळी तिकिटे थोडी स्वस्त दिसतात, पण पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर नुकसान आपलेच होते.

परदेशी चलनात पैसे भरताना कार्डाचे यंत्र तुमच्या खात्याच्या चलनात रक्कम दाखवू का असे विचारते. नेहमी स्थानिक चलन निवडावे, मग ते हंगेरीचे फोरिंट असो, चेक कोरुना असो की पोलंडचे झ्लॉटी. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर बहुतेक वेळा तोट्याचा असतो.

सहावी पायरी : स्थानकावर

तिकीट मोबाइलमध्ये उतरवून ठेवावे, इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. युरोपीय संघात रोमिंगला जून २०१७ पासून जादा शुल्क नाही, पण स्वित्झर्लंड त्या नियमात नाही आणि तिथे डेटा चालू राहिला तर मोठे बिल येऊ शकते.

जर्मनीत फलाटावरच्या फलकावर गाडीच्या नावाखाली डब्यांचा क्रम आणि ए, बी, सी अशी फलाटाच्या भागांची अक्षरे दिसतात. काही गाड्या वाटेत दुभंगतात आणि दोन भाग दोन शहरांना जातात. म्हणून डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर आपल्या शहराचे नाव आहे ना, हे चढताना पाहावे. तिथे फलाटावर जायला फाटक नसते, पण तपासनीस गाडीत येतो आणि वैध तिकीट नसल्यास किमान ६० युरो दंड बसतो. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर पैसे भरलेले असूनही दंड होतो.

सातवी पायरी : उशीर झाला तर हक्काचे पैसे मागा

युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेल्वे ६० ते ११९ मिनिटे उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे वा त्याहून अधिक उशिरा पोहोचली तर ५० टक्के भरपाई मागता येते. तीव्र हवामानासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणांना ती लागू होत नाही, आणि चार युरोंपर्यंतची रक्कम कंपनी नाकारू शकते. जर्मनीत आपली गाडी मुक्कामी २० मिनिटे वा त्याहून जास्त उशिरा पोहोचेल असे दिसत असेल, तर त्याच गाडीचे बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. विमान तीन तास वा त्याहून अधिक उशिरा पोहोचले आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी २५० युरो मिळण्याचा हक्क आहे. २० युरोच्या तिकिटालाही तो तितकाच लागू होतो. अडीचशे किलोमीटर वा त्याहून लांबच्या मार्गावरची बस दोन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या मार्गाने जायचे, हे प्रवाशाने ठरवायचे असते.

यासाठी तिकीट, फलकावरील उशिराचा फोटो आणि प्रत्यक्ष पोहोचल्याची वेळ जपून ठेवावी. रेल्वेचा दावा तीन महिन्यांच्या आत करायचा असतो आणि तो बहुतेक कंपन्यांच्या ॲपमधूनच होतो. खोलीवर परतल्यावर त्याच संध्याकाळी तो भरून पाठवावा.