जेवल्यावर साखर उतरते? मग रोजचा स्वयंपाक असा करा

सकाळी आठला बशीभर पोहे आणि दोन चमचे साखर घातलेला चहा. पावणेअकराला हाताला कंप, कपाळावर घाम, छातीत धडधड आणि समोर येईल त्याच्यावर चिडचिड. माझ्या धाकट्या बहिणीचं हे दोन वर्षं चाललं होतं. घरातले म्हणायचे, नीट खात नाहीस म्हणून अशक्तपणा आलाय. ती व्यवस्थित खात होती. जे खात होती, त्यानेच हे होत होतं.

याला रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात. भराभर पचणारं पिठूळ किंवा गोड पोटात गेलं की रक्तातली साखर झपाट्याने चढते. तिला आवरायला इन्शुलिन उशिरा किंवा गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि जेवणानंतर साधारण २ ते ४ तासांत साखर घसरते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आणि जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना हे होऊ शकतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. पण जेवण बदललं की बहुतेकांना फरक पडतो, आणि त्यासाठी घरात वेगळा, बेचव पथ्याचा स्वयंपाक करावा लागत नाही. एकच गोष्ट सांभाळायची: पोहे, भात, पोळी, भाकरी, साबुदाणा यांतलं काहीही पोटात एकटं जाऊ द्यायचं नाही. सोबत कडधान्य, डाळ, दही, अंडं किंवा मासा हवा, भाजी हवी, थोडं तेल-तूप हवं. यांच्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि साखरही सावकाश चढते.

पहिली पायरी: आठवडाभर वही ठेवा

काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्रास कधी झाला, एवढंच लिहायचं. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्रास होत असतानाच बोट टोचून आकडा नोंदवा. नुसत्या थरथरीवरून निदान होत नाही. त्रास, त्याच वेळी कमी भरलेली साखर आणि साखर वाढल्यावर थांबलेला त्रास, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर डॉक्टरांना निर्णय करणं सोपं जातं. वही चाळताना त्रासाच्या वेळेपासून दोन-तीन तास मागे जा. पावणेअकराच्या घामाचं कारण आठच्या बशीत असतं, म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची.

दुसरी पायरी: कडधान्य सदैव तयार असू द्या

सकाळच्या घाईत हाताला जे लागतं तेच ताटात येतं. म्हणून शनिवारी रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला. रविवारी सकाळी पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. ही मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. मधल्या वारी मूग, पुढच्या आठवड्यात चवळी किंवा हरभरे, असं फिरतं ठेवा. जोडीला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि उकडलेली चार अंडी असली की निम्मं काम झालं.

तिसरी पायरी: न्याहारी बदला

माझा सगळा भर इथे आहे, कारण आपली न्याहारी म्हणजे बहुतेक वेळा नुसता स्टार्च असतो. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, चहा-खारी, चहा-बिस्किटं. पोहे सोडायचे नाहीत, त्यांचं प्रमाण बदलायचं. दोघांसाठी एक वाटी जाडे पोहे घ्या आणि तेवढीच वाफवलेली मोडाची मटकी. फोडणीत मूठभर शेंगदाणे चांगले परतू द्या, मग कांदा, मटार, मटकी आणि शेवटी पोहे. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. साखरेची चिमूट गाळा. सोबत वाटीभर दही किंवा एक अंडं.

आठवड्यातून दोनदा तरी मुगाची धिरडी करा. वाटीभर हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी आलं, हिरवी मिरची, जिरं आणि मीठ घालून वाटा. पीठ सैलसर ठेवा, त्यात तांदूळ मिसळू नका. तवा तापला की पाण्याचा हबका मारून पुसून घ्या, मग धिरडं पसरा, कडेने तेल सोडा आणि झाकण ठेवा. कच्च्या मुगात १०० ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात सुमारे ७. दोन धिरडी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन बहीण दुपारच्या जेवणापर्यंत निवांत राहू लागली.

चहा उपाशीपोटी नको, न्याहारीनंतर घ्या आणि साखर हळूहळू कमी करा. कॅफिननेही धडधड आणि थरथर होते, मग साखर उतरली की चहा बाधला, हेच कळत नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून मात्र काही साधत नाही. या त्रासात तिन्ही सारखेच.

चौथी पायरी: ताट तेच, क्रम वेगळा

दुपारच्या ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, घट्ट वरण, पिठलं किंवा माशाचा, आणि उरलेला पाव भाकरी, पोळी किंवा भाताचा. खायला सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा, भाकरी मग मोडा. भाताआधी भाजी आणि प्रथिनं खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. पोळी आणि भात दोन्ही घेण्याऐवजी एका वेळी एकच घ्या. भात हवाच असेल तर अर्धी वाटी घ्या आणि त्यावर वरण पातळ नको, दाट हवं. पाण्यासारख्या आमटीत डाळ कितीशी असते?

आपल्याकडे यासाठी पदार्थांची वाण नाही. कोकणातलं कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, देशावरचा झुणका, डाळ-दाणे घातलेली पालकाची पातळ भाजी, मेथीचा घोळाणा, झणझणीत चण्याचं सांबारं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा तव्यावर थोड्या तेलात परतून घ्यावा. खोबऱ्याच्या कालवणाबरोबर भाताचा ढीग संपतो, तो मात्र आवरायचा.

पाचवी पायरी: तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवू नका

दिवसातून तीन मध्यम जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मूठभर फुटाणे-शेंगदाणे, किंवा वाटीभर दही, किंवा अर्धा पेरू आणि चार-पाच बदाम. फळ चावून खा, रस काढू नका. उन्हातून येऊन रिकाम्या पोटी उसाचा रस पिणं या लोकांसाठी फार वाईट. दारूचंही तेच, उपाशीपोटी तर नकोच.

रात्रीचं जेवण शक्यतो आठपर्यंत. भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर, किंवा मुगाची डाळ तांदळाच्या दुप्पट घातलेली खिचडी आणि कढी. खिचडीत दुधी, गाजर, फरसबी भरपूर घाला.

उपवास आणि सण

निर्जळी उपवास करू नका. नेहमीचा उपवास असेल तर साबुदाण्याऐवजी वऱ्याचे तांदूळ थोडे घ्या आणि त्यावर दाण्याची दाट आमटी वाढून घ्या. राजगिऱ्याचं थालीपीठ काकडीच्या दही-कोशिंबिरीबरोबर, पनीर, दूध, मूठभर दाणे, यांवर दिवस निघतो. पुरणपोळीच्या दिवशी आधी कोशिंबीर, भाजी, कटाची आमटी खा आणि शेवटी अर्धी पोळी तूप घालून. गोडाने जेवण सुरू करायची आपली पद्धत इथे बदलायला हवी, आणि यजमानांना ते आधीच सांगितलेलं बरं. ताटावर बसल्यावर आग्रह मोडवत नाही.

एवढं करूनही साखर उतरली तर

काम थांबवून बसा. गाडी चालवत असाल तर ती बाजूला घ्या. तीन सपाट चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून प्या किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर घ्या. १५ मिनिटं थांबा, ग्लुकोमीटरवर आकडा पाहा, ७० (mg/dL) च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. या वेळी शेंगदाण्याचा लाडू किंवा चॉकलेट कामाचं नाही. जेवणात जे स्निग्ध आपल्या मदतीला येतं, तेच आता साखर चढायला वेळ लावतं. बरं वाटलं की अर्ध्या तासात थोडी उसळ-भाकरी किंवा एक अंडं आणि पोळी खा. नुसत्या साखरेवर थांबलात तर ती पुन्हा चढून पुन्हा उतरेल. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

उपाशीपोटी किंवा पहाटे झोपेत साखर उतरत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर हा प्रश्न स्वयंपाकाने सुटणारा नाही, डॉक्टरांकडे जाच. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी जेवणाचं प्रमाण आपल्या आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावं.

बहिणीच्या पर्समध्ये आता दोन पुड्या असतात, एक ग्लुकोजची आणि एक फुटाण्यांची. फुटाण्यांची दर दोन दिवसांनी भरावी लागते. ग्लुकोजची गणपतीत भरली होती, ती अजून फोडलेली नाही.