जुन्या टर्बो गाडीचा दम गेला? टर्बो उतरवण्याआधी हवेचा माग काढा

"गाडी ओढत नाही, टर्बो गेला वाटतं." जुनी टर्बो गाडी घेऊन येणारे बहुतेक जण तक्रारीसोबत निदानही घेऊन येतात. एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा हा टर्बो महागडा, त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. मी इतकी वर्षं हीच कामं करतोय आणि दर वेळी तेच सांगतो: टर्बोला शेवटी हात लावा. उतरवून ठेवलेले कितीतरी टर्बो धडधाकट निघतात आणि खरा दोष वीतभर रबरी नळीत सापडतो. नवा टर्बो बसवूनही गाडी तशीच राहिली, की मालकाचे पैसे जातात आणि मेकॅनिकवरचा विश्वासही उडतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो, तो इथे देतो.

आधी मालकाशी बोला; मालक तुम्हीच असाल तर दोन दिवस लक्ष देऊन चालवा. दम अचानक गेला की महिनोन्‌महिने कमी होत गेला? सुरुवातीपासून नाही, की दोन हजार आरपीएमच्या पुढे मरतो? चढावर जातो आणि सपाटीवर परत येतो का? सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ताकद परत येते का? येत असेल तर गाडी लिम्प मोडमध्ये जात होती. म्हणजे ईसीयूला, इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, काहीतरी खटकलं आणि त्याने इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कापली. हा दोष बहुधा मधूनमधून येणारा असतो आणि त्याची नोंद ईसीयूत सापडते. बंद-चालू करून काहीच फरक पडत नसेल, तर कायमची गळती, चोंदलेली वाट किंवा झिजलेला भाग शोधायचा.

बॉनेट उघडण्याआधी दोन गोष्टी. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. थोडं चालवून आल्यावर चारही रिमांजवळ हात न्या, डिस्कला मात्र लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल, तर ब्रेक धरून राहतोय. या दोन्ही दोषांत इंजिन ठणठणीत असतं आणि तरी गाडी मेल्यासारखी चालते.

धूरही बघा. डिझेल गाडीत जोर दिल्यावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. एअर फिल्टर काढून बघा, डब्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलाय का तेही बघा.

स्कॅनर: कोड वाचून थांबू नका

ईसीयूतली दोषाची नोंद वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०२९९ हा कोड दिसला की टर्बो मागवला जातो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की ईसीयूने जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. पी०२३४ म्हणजे उलट, बूस्ट मर्यादेबाहेर गेला. पी००८७ असेल तर रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) इंधनाचा दाब कमी आहे, म्हणजे शोध वेगळ्याच दिशेने न्यायचा.

आता किल्ली फिरवा पण इंजिन चालू करू नका, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा वाचा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, म्हणजे १ बार. दोन हजार मीटर उंचीवर ८० च्या आसपास. गाडीत वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असेल तर दोन्ही जुळायला हवेत. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर १२० दाखवत असेल, तर पुढचं सगळं निदान त्या खोट्या आकड्यावर उभं राहील. आणखी एक घोळ नेहमी होतो. स्कॅनर बहुतेक गाड्यांत एकूण दाब दाखवतो. त्यावर २ बार दिसलं तर टर्बोने १ बार दिला. उरलेला १ बार हवेचा स्वतःचाच.

मग खरी परीक्षा. मोकळा, सरळ रस्ता, इंजिन पूर्ण गरम, स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हातात. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून साडेतीन हजारांपर्यंत न्या आणि या गोष्टींची नोंद घ्या: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मॅफ सेन्सरने (आत येणाऱ्या हवेचं वजन मोजणारा, टर्बोच्या आधी बसणारा) मोजलेली हवा, आणि डिझेल असेल तर रेलचा मागितलेला व मिळालेला दाब. पंधरा-वीस सेकंदांची ही नोंद तासभराच्या खोलाखोलीपेक्षा जास्त सांगते.

मिळालेला बूस्ट कमी आणि मॅफची हवा मात्र भरपूर? मग हवा आत येतेय, मोजली जातेय, पण इंजिनात पोहोचण्याआधी वाटेत सांडतेय. टर्बो आणि इंजिन यांच्यामधली गळती शोधा. डिझेलमध्ये याच्या जोडीला काळा धूर असतो, कारण ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो.

बूस्टही कमी, हवाही कमी? मग टर्बो पुरेसा फिरतच नाही. व्हॅक्युमची नळी, अ‍ॅक्च्युएटर, त्याने हलवल्या जाणाऱ्या, टर्बोतला एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या पाती अडकलेल्या, टर्बोच्या आधीच एक्झॉस्टची गळती किंवा पुढे चोंदलेला सायलेन्सर, यांतलं काहीतरी.

बूस्ट मागणीइतका, पण मोजलेली हवा कमी? इथे थोडं गणित करा. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा अर्धा लिटर. अर्धा लिटर हवा साध्या तापमानाला साधारण ६०० मिलिग्रॅम भरते. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना आयडलला (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू) ४५० ते ५०० च्या घरात आकडा येतो. एकूण दाब २ बार झाला की जवळपास दुप्पट यायला हवा, ९०० च्या वर. तिथे ६०० वरच अडकला असेल तर मॅफ सेन्सर मळलेला किंवा गेलेला, ईजीआर उघडा अडकलेला, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) काजळीने भरलेला, किंवा मॅफ आणि टर्बोच्या मधल्या नळीला चीर. ही शेवटची शक्यता दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण त्या चिरेतून न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

मागणीच मुळात कमी असेल तर टर्बोकडे बघूही नका. ईसीयू स्वतःच हात आखडतोय. शीतकाचं तापमान, पेडलचा सेन्सर, भरलेला डीपीएफ (डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर), पेट्रोलमध्ये नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं), असं कारण शोधा. आणि बूस्ट, हवा दोन्ही ठीक असूनही गाडी ओढत नसेल, तर इंधन, टायमिंग नाहीतर कॉम्प्रेशन.

नळ्या

जुन्या गाडीत माझा सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि तो वाया जात नाही. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी नळ्या आयडलला अगदी धडधाकट दिसतात. चीर बहुधा घडीच्या आतल्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेलगत असते. ओठ मिटल्यासारखी बंद, आणि बूस्ट आला की उघडते. नळी हाताने वाकवून, पिळून बघा. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाच्या) श्वासनळीतून थोडं तेल या वाटेत येतच असतं. गळतीच्या जागी ते हवेबरोबर बाहेर फवारतं, त्यावर धूळ बसते आणि नळीवर काळा, ओलसर पट्टा उमटतो. कोरड्या नळीवर असा एकच पट्टा दिसला, तर मी चीर तिथेच शोधतो. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते, तो खालचा सांधाही तपासा.

डोळ्यांनी सापडत नसेल तर दाब भरून बघा. टर्बोच्या तोंडावरची नळी काढून तिथे झाकण बसवा, त्यात टायरचा व्हॉल्व्ह, आणि रेग्युलेटर लावून अर्धा बार हवा सोडा. गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जाऊ नका. झाकण टर्बोच्या तोंडावरच बसवायचं; आधीच्या नळीवर बसवलंत तर हवा श्वासनळीतून क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील उचकटतात. मग सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं साबणाचं पाणी लावत जा. एखादा व्हॉल्व्ह उघडा असल्यामुळे इंजिनातून हलकी हवा निघत राहील, ती गळती धरू नका.

यापेक्षा बारीक आणि जास्त फसव्या असतात व्हॅक्युमच्या नळ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्युमवर चालतो. उष्णतेने या नळ्यांची टोकं सैल होतात, टोकाला बारीक भेगा पडतात. टोक नुसतं कापून परत घट्ट बसवल्याने सुधारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सोबतच्या माणसाला इंजिन चालू करायला सांगा आणि अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीकडे बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू होताच ती ओढली जाते, बंद करताच परत येते. हलली नाही तर हाताचा व्हॅक्युम पंप थेट अ‍ॅक्च्युएटरला लावा. दांडी सरकली आणि मिनिटभर तिथेच राहिली, तर अ‍ॅक्च्युएटर चांगला. दोष सोलेनॉइड (व्हॅक्युम सोडणारा-रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह), नळी किंवा व्हॅक्युम पंपात. हळूहळू परत आली, तर आतला पडदा फाटलाय.

दांडी झटके देत, अडखळत सरकत असेल तर टर्बोच्या आतल्या त्या झोत वळवणाऱ्या पाती काजळीने धरल्या आहेत. अशा गाडीची तक्रार ठरलेली असते: चढावर किंवा ओव्हरटेक करताना अचानक दम जातो, बंद-चालू केलं की परत येतो. पाती बंद अवस्थेत अडकतात, बूस्ट मागणीच्या वर उसळतो आणि ईसीयू लगेच ताकद कापतो. इलाज म्हणजे टर्बो उतरवून गरम बाजू साफ करणं. दांडीवरचा नट किंवा स्टॉप स्क्रू फिरवून बूस्ट 'वाढवून' देणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. तो स्क्रू कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो. रस्त्यावर अंदाजाने तो जागेवर येत नाही.

पुढची वाट आणि इंधन

आरपीएम चढत जातो तसा दम घुटत जातो, अशी तक्रार असेल तर एक्झॉस्ट चोंदलाय का बघा. डिझेलमध्ये डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक स्कॅनरवर वाचा. इंजिन बंद असताना तो शून्य हवा, आयडलला काही मिलिबार. गाडी उभी असताना नुसत्या रेसवर तो १०० मिलिबारच्या वर जात असेल, तर फिल्टर भरलाय. पेट्रोलमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे गेज लावा. अडीच हजार आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब दिसला तर एक्झॉस्ट शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संशयास्पद. तो का भरला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. तेल जाळणारं इंजिन किंवा गळका इंजेक्टर नव्यालाही भरून टाकेल.

डिझेलमध्ये पूर्ण जोरावर रेलचा मिळालेला दाब मागणीच्या खाली राहत असेल, तर आधी डिझेल फिल्टर, मग टाकीपासूनचा पुरवठा, मग इंजेक्टरची परतीची गळती. पेट्रोल टर्बोमध्ये फक्त जोरावर धक्के बसत असतील, तर प्लग आणि कॉइल बघा. दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेला प्लग तिथेच हरतो. पेडल सोडल्यावर जास्तीचा बूस्ट सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदाही फाटतो.

आता टर्बो

हे सगळं निर्दोष निघालं, तरच. इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडाची नळी काढा आणि शाफ्ट बोटांनी धरा. बाजूला थोडी हालचाल असतेच, कारण शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि आता तेलाला दाब नाही. आत-बाहेर मात्र जाणवेल इतकी हालचाल नको. पात्यांची टोकं घराला घासल्याची चकचकीत खूण, तुटका कोपरा, किंवा फिरवताना अडखळणं दिसलं तर टर्बो गेला. तोंडाशी तेलाचा पातळ थर चालतो, साचलेलं तेल नाही. तेही दिसलं तर आधी टर्बोची तेल परतीची नळी आणि क्रँककेसची श्वासनळी मोकळी आहे का बघा. ती तुंबली की चांगल्या टर्बोतूनही तेल बाहेर ढकललं जातं.

डिझेल गाडीत साचलेलं तेल आणि निळा धूर एकत्र असतील, तर ती गाडी चालवू नका. इंजिन स्वतःचंच तेल पिऊन बेफाम पळायला लागलं, तर किल्लीने बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन मारायचं, तेही लगेच. फिरत्या इंजिनाच्या तोंडावर हात ठेवू नका.

नवा टर्बो बसवताना तेलाची पुरवठ्याची नळी नवी घ्या, त्यात जाळी असेल तर तीही बदला, कारण बरेच टर्बो तेल न मिळाल्यामुळेच मरतात. तेलाच्या फ्लँजला सिलिकॉन लावू नका. त्याचा तुकडा आत गेला तर वाट बंद. इंटरकूलरमधलं जुनं तेल आणि धातूचे कण धुऊन काढा, इंजिन ऑइल व फिल्टर बदला. टर्बोच्या तेल-पुरवठ्याच्या छिद्रात (हवेच्या तोंडात नव्हे) तेल ओता, इंजिन चालू न करता ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा, मग काही मिनिटं आयडलला ठेवा.

शेवटी कोड पुसा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये तीच नोंद पुन्हा घ्या. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट आता एकमेकांना धरून चढले पाहिजेत. ती फाइल तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा. पुढच्या वेळी याच गाडीचे चांगले आकडे तुलनेला हाताशी असतील.