मोजलेल्या डेटावरून त्सुनामीची एनर्जी काढताना या चुका टाळा

रात्री साडेअकराला एका विद्यार्थ्याचा मेसेज: "सर, एनर्जी आली, पण जरा जास्तच वाटतेय." डेटा २६ डिसेंबर २००४ चा, सुमात्राच्या भूकंपानंतरचा, कुठल्याशा टाइड गेजचा, म्हणजे किनाऱ्यावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राचा. ग्राफ उघडला तर साधारण साडेबारा तासांनी येणारा मस्त फुगवटा. अरे बाबा, ही भरती आहे! पोरगा गिरगावात वाढलेला, चौपाटी दोन मिनिटांवर, तरी भरती ओळखू आली नाही, कारण रेडीमेड कोडमध्ये फाइल टाकली आणि ग्राफ बघितलाच नाही. एनर्जीच्या फॉर्म्युल्यात उंचीचा वर्ग असतो हे लक्षात ठेवा, त्सुनामी १० सेंटीमीटर आणि भरती १ मीटर असेल तर आकडा शंभरपट फुगतो.

मग म्हणे भरती काढून टाकायला फिल्टर लावतो. लावला, आणि भूकंप व्हायच्या आधीच लाटा हलायला लागल्या! डेटावर पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी चालणारा फिल्टर लाटेचं शिखर आधीच्या वेळेतही पसरवतो ना. मी आपला जुन्या वळणाचा, आधीच्या काही दिवसांच्या रेकॉर्डवरून भरतीचा अंदाज बसवतो, तो वजा करतो, आणि भूकंपाआधीचा भाग सपाट आला की मगच पुढे जातो. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी चूक समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरची. पहिली थरथर दिसली की सगळे खूश, पण ती जमिनीतून आलेली भूकंपलहर असते, सेकंदाला ३-४ किलोमीटरने धावणारी. त्सुनामी ४००० मीटर खोल पाण्यात सेकंदाला जेमतेम २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास. मी आधी अंतर काढून अपेक्षित वेळ पेन्सिलने प्रिंटवर लिहितो, हसतात पोरं, हसू देत. भूकंपाच्या केंद्राजवळचा सेन्सर असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, तिथे घाई नकोच.

भूकंपाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि गेजची आपल्या घड्याळाची, साडेपाच तासांची गफलत, दरवर्षी कोणीतरी करतंच.

पसरणाऱ्या लाटेत गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेइतकीच असते, म्हणून उंचीवरून काढलेली स्थितिज ऊर्जा दुप्पट करा. भूकंपाने नुकतंच उचललेलं, अजून वाहायला न लागलेलं पाणी असेल तर मात्र नाही.

भूकंपाच्या मॅग्निट्यूडवरून (तीव्रतेच्या आकड्यावरून) थेट त्सुनामीची एनर्जी काढणाऱ्यांना तर हात जोडतो. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळच ८.६ चा भूकंप झाला, त्सुनामी किरकोळ, कारण जमीन वर-खाली न होता मुख्यतः आडवी सरकली होती.