वर्गातले सेन्सर वायफायवर आणताना

ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर जोडणे, प्रोग्राम चढवणे, लॅपटॉपवर आलेख काढणे हे तुम्हाला येते असे धरून चालतो. सेन्सर मात्र एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणाराच घ्या. स्वस्तातले काही सेन्सर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. शेजारी मार्करचे टोपण उघडले तरी आकडा उडी मारतो.

माती होते ती वायफायपाशी. मी पहिल्यांदा सहा बोर्ड घरी नीट तपासून वर्गात नेले आणि अख्खी तासिका सहाही दिवे नुसते लुकलुकत राहिले. मुलांनी प्रयोगाऐवजी माझी फजिती पाहिली. ‘पासवर्ड तपासा, राउटर बंद करून चालू करा’ हा सल्ला तेव्हापासून डोक्यात जातो. पासवर्ड बरोबरच होता हो!

पहिली अडचण अशी की साध्या ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते, ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्याला दिसतच नाही. ते निस्तरले, तर संस्थेच्या वायफायवर आधी लॉगिनचे पान येते. बोर्डाला ना पडदा, ना ब्राउझर, तो ते भरणार कसा? तेही सोडवून घेतले, तरी आकडे येईनात. अशा नेटवर्कवर बरेचदा एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत, हे कळायला मला आठवडा लागला. बोर्ड जोडलेला, लॅपटॉप जोडलेला, मध्ये भिंत. ती भिंत सुरक्षेसाठी असते, ती पाडायला सांगू नका.

स्वतःचा छोटा राउटर आणा. मोबाइलचा हॉटस्पॉट नको: उपकरणांच्या संख्येवर मर्यादा असते, आणि फोन घेऊन तुम्ही वर्गाबाहेर गेलात की सगळे तुटते. राउटरवर फक्त २.४ चालू ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा असेल तो निवडा. इंटरनेटची गरज नाही. बोर्डांचे आकडे संदेशांतून गोळा करणारा मॉस्किटो हा प्रोग्राम लॅपटॉपवरच चालवा. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाका. नाहीतर उद्या पत्ता बदलतो आणि सगळे बोर्ड जुन्याच दारावर टकटक करत बसतात.

आणखी एक खड्डा. मॉस्किटो आवृत्ती २.० पासून, सेटिंग बदलल्याशिवाय, फक्त त्याच संगणकावरून आलेले संदेश घेतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट १८८३, म्हणजे संदेश आत येण्याचे दार, बाहेरच्यांसाठी उघडावे लागते, बोर्डांना पासवर्ड द्यावा लागतो, आणि लॅपटॉपच्या फायरवॉलमध्येही तेच पोर्ट मोकळे करावे लागते. एक बोर्ड चालल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

बोर्डांना ‘गट १’, ‘गट २’ अशीच नावे द्या, मुलांची नकोत. सेन्सर खिडकीत किंवा कोणाच्या तोंडासमोर ठेवू नका. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. भरलेल्या बंद वर्गात आकडा १,००० च्या वर जातो. तो चढेपर्यंत खिडक्यांबद्दल अवाक्षर काढू नका. कोणीतरी स्वतःहून उठून उघडतेच.