पेन्शनवर येताना रायफल कोतमध्येच राहते

सैन्यातून सुटताना स्वतःची रायफल घरी नेता येते का, हा प्रश्न भरतीची तयारी करणारी पोरं विचारतातच, पण पेन्शनला वर्ष-दोन वर्षं उरलेले जवानही हळूच विचारतात. नेता येत नाही. शिपाई असो, सुभेदार असो की कर्नल, सरकारी हत्यार सरकारकडेच राहतं. पण हे कळल्यावर पुढे काय करायचं, तेही माहीत असायला हवं. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून बाहेर आलो आणि नंतर बँकेत गार्ड म्हणून लागलो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

नव्या पोरांना वाटतं, एकदा रायफल मिळाली की ती आपली. तसं काही नसतं. रायफल युनिटची असते आणि राहते कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या हत्यारांच्या खोलीत, रॅकला साखळी घालून. तुमच्या वाट्याला येतो तो तिचा नंबर. तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. ड्यूटीला, पीटीनंतरच्या ट्रेनिंगला, रेंजवर जाताना रजिस्टरवर सही करून घ्यायची. आल्यावर नळीतून पुलथ्रू, म्हणजे साफ करायची दोरी, मारून, चिंदी-तेल करून, कोत सांभाळणाऱ्या एनसीओला दाखवून परत सहीनिशी जमा करायची. रजेवर निघालात तरी जमा. रेंजवर तर गोळी झाडल्यावर उरलेलं खाली खोकंसुद्धा मोजून परत द्यावं लागतं. फायरिंग संपलं की प्रत्येक जण उस्तादासमोर सांगतो, "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोका नहीं है." एक खोकं कमी पडलं तर अख्खी कंपनी गवतात वाकून शोधत बसते, जेवणाची वेळ टळली तरी. जिथे पितळेच्या रिकाम्या नळीचा हिशेब लागतो, तिथे अख्खी रायफल भेट म्हणून कोण देईल?

सुटण्याच्या वेळी हा निरोप फार साधा असतो. क्लिअरन्सची चिट घेऊन कॅन्टीन, मेस, क्वार्टरमास्टर असं सगळीकडे फिरायचं, त्यात कोतची सही महत्त्वाची. आमच्याकडे शेवटची कागदपत्रं बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला होतात; तिथली गाडी पकडायच्या आधीच बटालियनच्या कोतमध्ये रायफल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढायला मोकळी झालेली असते. बडा खाना होतो, पलटणीकडून एखादी आठवणीची वस्तू मिळते, पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि डिस्चार्ज बुक हातात येतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून ड्यूटीवरच्या सरकारी हत्याराला कलम ४५ खाली सूट आहे, म्हणून जवानाला परवाना लागत नाही. ही सूट ड्यूटीपुरती. वर्दी उतरली की तुम्ही गावातल्या इतर माणसांसारखेच. त्यात इन्सास-एकेसारख्या रायफली किंवा नऊ एमएमचं पिस्तूल ही प्रतिबंधित बोअरची, म्हणजे साध्या नागरिकाला सहसा न मिळणारी हत्यारं, जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला परवाना त्यांना चालतच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं हत्यार बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षं शिक्षा आहे. नोकरीत असताना सरकारी हत्यार गायब केलं तर आर्मी ॲक्टच्या कलम ५४ खाली १० वर्षांपर्यंत. "आठवण म्हणून एक राउंड ठेवलाय" म्हणणारे भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं, तो ट्रंकेत विसरून विमानतळावर गेलात तर स्कॅनर तुमची सर्व्हिस विचारत नाही.

मग "साहेब लोकांना पिस्तूल मिळतं" ही गोष्ट कुठून आली? सैन्याच्या वापरात नसलेली जुनी किंवा जप्त केलेली शस्त्रं अधिकाऱ्यांना परवान्यावर विकत मिळायची सोय होती. त्यातली काही राजस्थानात बाहेर विकली गेल्याचं २००७ च्या सुमारास उघडकीला आलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण ती खरेदी होती, आणि त्या हत्याराचा ड्यूटीच्या हत्याराशी संबंध नव्हता.

आता पोटापाण्याचा विषय. गावाकडे परतल्यावर बहुतेकांना गार्डची नोकरी खुणावते, आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, "गनमॅन, स्वतःची बंदूक व परवाना हवा." साध्या गार्डपेक्षा पगार बरा असतो. म्हणून कितीतरी जण पेन्शनचे पैसे हातात आले की पहिली डबल बारची बारा बोअर, म्हणजे दुनळी बंदूक, घ्यायला धावतात. जरा थांबा. परवाना जिल्हाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. अर्ज ऑनलाइन, मग पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला. २०१६ च्या नियमांत सैन्यात नोकरी केलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे, पण जीव किंवा मालमत्ता सांभाळायची खरी गरज दाखवावी लागते. "मी फौजी आहे" एवढ्यावर काम होत नाही. आणि परवान्यावर स्वसंरक्षण लिहिलेलं असताना दुसऱ्याच्या तिजोरीवर ती बंदूक घेऊन उभं राहणं बरोबर नाही. माझ्या मते चांगली वाट म्हणजे बंदूक बँकेची, परवाना बँकेच्या नावावर, आणि त्यावर रिटेनर, म्हणजे मालकाच्या वतीने बंदूक बाळगणारा, म्हणून तुमचं नाव. नोकरी सुटली की बंदुकीची जबाबदारीही सुटते. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा, लाजू नका.

एजंटाच्या नादी तर अजिबात लागू नका. शेजारच्या गावच्या एका नाईकाने सर्व्हिसमध्ये असतानाच कुणाच्या तरी मार्फत जम्मूचा परवाना काढला होता, म्हणे "तिकडे पटकन होतं." पुढे त्याच जम्मू-काश्मीरच्या परवान्यांमागे सीबीआय लागली, २०१२ ते २०१६ दरम्यान दिलेले पावणेतीन लाखांच्या वर परवाने चौकशीत आले, आणि त्यांत जवानांची नावं बरीच होती. याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, गनमॅनची नोकरी गेली. तुमच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का ते आजच बघा. तो नसलेला परवाना वैध धरत नाहीत. ज्यांनी सर्व्हिसमध्ये रीतसर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर वगैरे घेतलंय, त्यांनी घरी आल्यावर पत्ता बदलल्याचं जिल्ह्याच्या परवाना शाखेला कळवायचं. दोनपेक्षा जास्त हत्यारं आता ठेवता येत नाहीत, आजोबांची भिंतीवरची बंदूकही त्यात मोजतात.

ज्यांना बंदुकीचंच काम करायचंय आणि परवान्याची कटकट नकोय, त्यांनी डीएससी, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणारी डिफेन्स सिक्युरिटी कोअर बघावी. पेन्शन चालू, वर पगार, पुन्हा वर्दी आणि पुन्हा कोतमधून सहीवर मिळणारी रायफल. वयाची आणि मेडिकलची अट असते, म्हणून सुटायच्या आधीच चौकशी सुरू करा. बाकी खासगी नोकऱ्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचं, पुण्याच्या मेस्कोकडेही, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळाकडे.

अग्निवीरांचं गणित वेगळं आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे "फक्त माजी सैनिक" लिहिलेल्या गनमॅनच्या जागा त्याच्या कामाच्या नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत जागा राखीव ठेवल्यात. तिसऱ्या वर्षापासूनच त्या भरतीच्या तारखांवर लक्ष ठेवा, आणि पळणं सोडू नका.