एआर चष्म्याची वेव्हगाइड काच बनवताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फायनल इयरच्या प्रोजेक्टची पळापळ सुरू होते. एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी), म्हणजे समोरच्या दृश्यावर चित्र दाखवणाऱ्या चष्म्याचं मॉडेल करणारा एखादा तरी ग्रुप हल्ली असतोच. त्यातली वेव्हगाइड म्हणजे चित्र आतून वाहून डोळ्यासमोर आणणारी काच. मायक्रोसॉफ्टच्या 2016 च्या होलोलेन्स या एआर हेडसेटमध्ये प्रकाश वळवणाऱ्या सूक्ष्म रेघांची, म्हणजे डिफ्रॅक्शनची वेव्हगाइड होती. ती आपल्या वर्कशॉपचं काम नाही. दुसरा प्रकार जमण्यासारखा आहे: काचेच्या आत तिरपे, अर्धवट परावर्तन करणारे आरसे.

प्रोजेक्टरच्या काही मिलिमीटर छिद्रातून येणारं चित्र काचेत एका टोकाने शिरतं, पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे दोन्ही पृष्ठभागांवर आतल्या आत आपटत, पुढे सरकतं आणि प्रत्येक आरसा त्यातला थोडा वाटा डोळ्याकडे वळवतो. छिद्र एकच, पण त्याच्या प्रती अनेक, त्यामुळे डोळा थोडा हलला तरी चित्र जात नाही. बनवायची रीतही सरळ आहे: सपाट काचपट्ट्यांवर कोटिंग, त्यांची चळत चिकटवणं, ती तिरपी कापणं.

ही रीत सोपी करताना बहुतेक ग्रुप नको तिथे काटकसर करतात. अचूकपणा पट्ट्या चिकटवताना लागतो, आणि तिथेच घाई होते. कापताना तो फारसा लागत नाही, तर पोरं कटिंगवर पैसे ओततात.

मोबाईलचा स्क्रीन थेट काचेला टेकवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि तिचं खापर बिचाऱ्या काचेवर फुटतं. प्रत्येक आरसा चित्राची वेगळी प्रत देतो. चित्र अनंत अंतरावर असेल तरच सगळ्या प्रती एकाच दिशेने येतात आणि डोळ्याला एकच चित्र दिसतं. म्हणून स्क्रीन आणि काच यांच्यामध्ये भिंग हवं, आणि स्क्रीन बरोबर त्याच्या नाभीय अंतरावर. 50 मिमीच्या भिंगात स्क्रीन 1 मिमी जरी मागेपुढे झाला, तरी चित्र अनंताऐवजी अडीच मीटरवर येतं. आरशांमध्ये 12 मिमी अंतर असेल तर शेजारच्या दोन प्रती सुमारे 16 आर्कमिनिटांनी (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास अर्ध्या रुंदीने. अक्षरं दुहेरी दिसली की आधी भिंग सरकवून बघा, मग काचेला दोष द्या.

पट्टीची जाडी आणि कापाची जाडी यांचा मेळ न घालणं

आरसे पृष्ठभागाशी 25 अंशांत असतील तर काचेत प्रकाश लंबाशी 50 अंशांनी धावायला हवा. साध्या काचेचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्यापुढे प्रकाश बाहेर न पडता मागे फिरतो तो कोन, 41 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तो आत टिकतो. प्रवेशाची कडा पृष्ठभागाशी 50 अंशांत घासा, म्हणजे प्रकाश लंबरेषेत शिरेल, आणि झोत काचेची पूर्ण जाडी भरेल एवढा ठेवा.

आता जाडी. आरसे एकमेकांना नेमके खेटून यायचे तर पट्टीची जाडी = कापाची जाडी × कोसाइन 25. म्हणजे 5 मिमीच्या पट्ट्यांना काप साडेपाच मिमीचा. 4 मिमीचा कापलात तर दोन आरशांमध्ये सव्वातीन मिमीची फट राहते आणि चित्रात काळे पट्टे येतात. जाड कापलात तर आरसे एकमेकांवर येऊन उजळ पट्टे पडतात. बाजारातल्या 5 मिमी काचेच्या जाडीत 0.2 मिमीचा फरक चालवून घेतात, म्हणून सगळ्या पट्ट्या एकाच शीटमधून काढा. शीट एक्स्ट्रा क्लिअर घ्या. साध्या काचेची कड हिरवी दिसते ती लोहामुळे, आणि आपला प्रकाशही काचेतून तसाच लांबीच्या दिशेने जाणार आहे.

प्रत्येक आरशाला वेगळं कोटिंग मागणं

पाच आरसे सारखेच उजळ हवेत तर परावर्तन 20, 25, 33, 50 आणि 100 टक्के लागेल, हे गणित बरोबर आहे. पण म्हणजे कोटिंगच्या पाच बॅचेस, आणि शेवटच्या आरशातून पलीकडचं काहीच दिसणार नाही. सगळ्यांना 10 टक्के द्या. डोळ्याकडे 10, 9, 8.1, 7.3, 6.6 टक्के येईल. 59 टक्के प्रकाश वाया जातो, जाऊ द्या. एकच बॅच, पाच सारख्या पट्ट्या, क्रम चुकायची भीती नाही. 20 टक्के सरसकट दिलंत तर मात्र शेवटचा आरसा पहिल्याच्या निम्म्याहूनही फिका पडतो.

गाडीच्या काचेची फिल्म लावून कोटिंगचा खर्च वाचवायचा मोह होतो. ती सपाट बसत नाही, चित्र लहरतं. नकोच.

मिळेल तो गोंद

प्रत्येक किरण आरशाला दोन वेगवेगळ्या कोनांत भेटतो: एकदा 25 अंशांत, एकदा 75 अंशांत. या 75 मध्ये गोम आहे. काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते तो अंक) 1.52 आणि गोंदाचा 1.47 असेल तर त्या सांध्याचा क्रांतिक कोन येतो 75.3 अंश. म्हणजे चित्राचा एक भाग सांध्यावरूनच मागे फिरणार आणि भुताटकीची दुसरी प्रतिमा दिसणार. यूव्ही (अतिनील) प्रकाशात घट्ट होणारा गोंद घेताना डेटाशीटवर अपवर्तनांक बघा, काचेपेक्षा 0.01 हून जास्त फरक नको.

गोंदाचा अपवर्तनांक काचेशी जुळला की एक मोठी मेहनत वाचते. कापलेला पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करत बसायची गरज उरत नाही. बारीक घासा, त्याच गोंदाने दोन्ही बाजूंना पातळ सपाट काच लावा, खरखरीतपणा गोंदात नाहीसा होतो. काप साध्या डायमंड कटरवर पाणी सोडून घेतला तरी चालतो.

आपल्याकडे याला उन्हाळ्याचा फाटा फुटतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, गोंद पाण्यासारखा पातळ होतो आणि दाबताच कडेने निघून जातो. चिकटवायचं काम पहाटे उरका. बाटली खिडकीत ठेवू नका, खानदेशचं ऊन यूव्ही दिव्याचं काम फुकटात करतं. धुवायला बोअरचं पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. पंखा बंद ठेवा, कापसाच्या हंगामात तर नक्कीच.

मायक्रोमीटरवर भरवसा

काचेच्या 100 मिमी लांबीत एक टोक दुसऱ्यापेक्षा 6 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त जाड असेल, तर प्रकाशाच्या आतल्या सात-आठ फेऱ्यांनंतर दिशा सुमारे 5 आर्कमिनिटांनी बदलते. डोळ्याला एका आर्कमिनिटाचा फरक कळतो. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, 10 मायक्रॉन, त्याला हे दिसतच नाही.

त्याऐवजी लेझर वापरा, 1 मिलिवॅटच्या आतला, आणि भिंतीकडे तोंड करून. पट्टी ठेवली की गोंद ओला असतानाच दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेले ठिपके लांबच्या भिंतीवर बघा, जुळेपर्यंत हलकं दाबा, मगच यूव्ही दिवा लावा. बाहेरच्या काचा लावतानाही हेच.

तयार काचेत लेझर सोडला की 5 मीटरवरच्या भिंतीवर पाच ठिपके आरशांच्या अंतरानेच पडायला हवेत. तिथे दीड मिमी म्हणजे एक आर्कमिनिट. ठिपके पुढेपुढे वाढत्या फरकाने सरकत गेले तर बाहेरच्या काचा समांतर नाहीत, त्या काढून पुन्हा लावा. एकच ठिपका रांग सोडून गेला तर त्या आरशाचा सांधा तिरपा बसलाय. तिथे 20 आर्कसेकंदांची (आर्कमिनिटाच्या एक तृतीयांशाची) चूकही बाहेर तिप्पट होऊन येते. कापलेल्या चळतीत तो सांधा सुटा करता येत नाही, नवी चळतच लावावी लागते. पाचही ठिपके फिके, पण जागच्या जागी असतील तर पृष्ठभाग बघा: बोटाचा ठसा, गोंदाचा ओघळ, किंवा काच घट्ट धरणारा स्टँड. जिथे काही चिकटलं तिथून प्रकाश निसटतो. स्टँडने काच फक्त कडेला धरावी.