प्रोस्टेट गोठवताना या चुका टाळा

अमेरिकेत दर जुलैला नवे फेलो, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, येतात. हात चांगला असतो, वाचनही असतं, आणि पहिल्याच क्रायोच्या केसला (म्हणजे प्रोस्टेटमध्ये सुया घालून, ती गोठवून कॅन्सर मारायचा) प्रश्न ठरलेला: "सर, किती मिनिटं फ्रीझ करायचं?" घड्याळ लावून अंडी उकडतात रे बाबा, प्रोस्टेट गोठवत नाहीत. मागे एका बॅचला नांदेडचा एक मुलगा होता. त्याला हे सगळं मराठीत ऐकवलं तेव्हा ते लवकर डोक्यात शिरलं, म्हणून इथेही मराठीतच लिहितोय.

आधी मूळ अडचण. सुईच्या टोकाशी आर्गॉन वायू दाबातून एकदम मोकळा होतो, थंड होतो आणि भोवती बर्फाचा गोळा वाढत जातो. गाठ मारायची तर ऊती उणे ४० अंशांपर्यंत न्यायची, तीही दोनदा, मध्ये वितळू देऊन. पण सोनोग्राफीवर दिसते ती गोळ्याची कडा फक्त शून्य अंशाची असते, आणि उणे ४० त्याच्या कित्येक मिलिमीटर आत असतं. म्हणजे ग्रंथीच्या काठाला मारक थंडी द्यायची तर बर्फाची कडा काठाबाहेर जाऊ द्यावीच लागते. बाहेर मागच्या अंगाला काही मिलिमीटरवर गुदाशय, खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारा स्फिंक्टर, आणि मधोमध मूत्रमार्ग. या तिघांना सांभाळणं, हेच खरं ऑपरेशन.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो मूत्रमार्गाच्या वॉर्मरशी होणाऱ्या घाईवर. या कॅथेटरमधून चाळीस अंशांच्या आसपासचं सलाईन सतत फिरत असतं आणि मूत्रमार्गाचं अस्तर जगवतं. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. दिवसाची शेवटची केस, लिस्ट दोन तास मागे, सगळ्यांना घरी जायची घाई. पडद्यावर बर्फ वितळलेला दिसला आणि सीनियर रेसिडेंटने वॉर्मर काढून साधा फोली, म्हणजे लघवीची नेहमीची नळी, घातला. मी कोपऱ्यात नोट्स लिहीत होतो. पाहिलं आणि गप्प बसलो, ते अजून खुपतं. तीन आठवड्यांनी पेशंट आला: जळजळ, धार अडलेली, लघवीतून करड्या रंगाचे तुकडे. "डॉक्टर, कॅन्सर गेला ना? मग हे काय निघतंय?" निघत होतं ते मेलेलं अस्तर. पुढचे कित्येक आठवडे तो कॅथेटर लावून फिरला.

पडद्यावर बर्फाची जवळची कडाच दिसते, तिच्यामागे नुसती काळी सावली. त्या सावलीत काय वितळलंय आणि काय नाही हे तुम्हाला कळत नाही. म्हणून शेवटचं वितळणं संपलं असं वाटल्यावरही मी वॉर्मर किमान वीस मिनिटं चालू ठेवतो. त्या वेळात मी ऑपरेशन थिएटरमधून हलत नाही, कारण मी हललो की कुणीतरी तो काढतोच. १९९०च्या दशकात इथे वॉर्मर काही काळ वापरता येत नव्हते, तेव्हा अस्तर गळण्याचं प्रमाण वाढलं होतं. तेवढा धडा पुरे असावा, पण नाही. आणि केस सुरू होण्याआधी पंप चालतोय का ते परत येणाऱ्या नळीला हात लावून बघा. दिवा हिरवा आहे म्हणजे पाणी फिरतंय असं नव्हे.

दुसरी आवडती चूक: तापमानाच्या आकड्यावर आंधळा विश्वास. प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मधल्या डेनॉनव्हिलियर पडद्यात एक सेन्सर आणि स्फिंक्टरपाशी एक, हे सगळे लावतात. मग तो नक्की कुठे बसलाय हे आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत कोण बघतं? फार थोडे. सेन्सर पाच मिलिमीटर बाजूला सरकला तर मशीन आरामात "१८ अंश" दाखवत राहतं आणि गुदाशयाची भिंत पांढरी पडत असते. आकडा आणि चित्र जुळेना तर मी चित्राचं ऐकतो. गुदाशयाकडच्या सेन्सरचा आकडा शून्याकडे झुकू लागला की मागच्या सुया बंद, कारण वायू थांबवल्यावरही बर्फ थोडा पुढे सरकतोच. ब्रेक दाबल्या जागी एसटी थांबते का?

बाकीच्या थोडक्यात. मागच्या सुया आधी सुरू करू नका, सावलीत पुढचं काहीच दिसणार नाही. पुढून मागे या. सुया लावून झाल्यावर सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून बघणं, टाळू नका. मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात घुसलेली सुई तेव्हाच सापडते. सुया आधी पाण्याच्या वाडग्यात चालवून बघा. गुदाशयात घातलेला सोनोग्राफीचा प्रोब वर दाबून धरायची सवय सोडा, चित्र सुरेख येतं पण गुदाशयाची भिंत प्रोस्टेटला चिकटते. डेनॉनव्हिलियर पडद्यात सलाईन टोचून अंतर वाढवायचं तर बर्फ जवळ आल्यावर टोचा, अर्धा तास आधी टोचलेलं जिरून जातं. पूर्वी टीयूआरपी (मूत्रमार्गातून प्रोस्टेट आतून खरवडायचं ऑपरेशन) झालेल्या पेशंटमध्ये पोकळीची भिंत वॉर्मरला नीट टेकत नाही, तिथे मी शक्यतो नाहीच म्हणतो. रेडिएशन होऊन गेलेल्या पेशंटमध्ये गुदाशयाला भोक पडायचा धोका जास्त, तिथे एक मिलिमीटरचाही हावरटपणा नको. आणि सुयांत हीलियम वायू सोडून बर्फ झटपट वितळवून वेळ वाचवणारे भेटतात. सावकाश वितळणं गाठीला जास्त मारतं, तो वेळ वाया जात नाही.

पेशंट घरी जाताना एक गोष्ट मी स्वतः सांगतो, नर्सवर सोडत नाही. काही आठवडे एनिमा नाही, गुदद्वारात थर्मामीटर नाही, बोट घालून तपासणी नाही. लघवीतून हवेचे बुडबुडे आले किंवा शौचाच्या वाटे पाणी गळायला लागलं तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण गुदाशय आणि मूत्रमार्गाच्या मध्ये भोक पडलेलं असू शकतं. असा एक पेशंट फोनवर "गॅस होतोय" म्हणाला होता, आणि समोरच्याने त्याला अँटासिड सांगितलं.